श्रावणची चूक कोणती? (गुण २)

हिंगणघाट,
१२ ऑगस्ट १९७३

प्रिय चंद्रभान,
सप्रेम जयभीम.

अक्षर पाहून तुला वाटेल, कोंबडी शाईत पाय बुडवून कागदावरून हिंडली. कोंबडी नाही रे, मीच आहे, फक्त हात डावा आहे. उजवा मनगटापासून पुढे गेला, ते तू पाहिलंसच. सेवाग्रामच्या डॉक्टरांनी जेवढं वाचवता आलं तेवढं वाचवलं. आमची कांता पाच वर्षांची झाली. तिच्या पाटीवर तिच्या शेजारी बसून मी पुन्हा अ आ इ गिरवला. तिचं माझ्याआधी सुधारलं, आणि आता ती मलाच रागावते. पाच महिने गिरवून डाव्या हातानं लिहिलेलं हे माझं पहिलं पत्र. अन्नपूर्णा म्हणाली, पहिलं माझ्या भावाला लिहा. म्हटलं, पहिलं चंद्रभानला.

तू तिथेच होतास, तरी त्या दिवसाचं एकदा लिहून काढतो. माझ्या आठवणीत कुठे चूक असेल तर तू दुरुस्त कर. आपल्या जिनिंग फॅक्टरीतल्या कापूस पिंजणाऱ्या मशीनचं बेअरिंग अडकलं होतं. आतल्या दातांच्या ढोलात सैल बाही ओढली जाते म्हणून मी शर्ट काढून खुंटीला टांगला. बोर्डावरचे तिन्ही फ्यूज काढले. आता ठेवायचे कुठे? अंगात बनियान, तिला खिसा नाही. खाली नाडीचा पायजमा, त्यालाही नाही. पुलगावच्या वर्कशॉपात प्रभाकरराव उस्तादांनी आपल्या दोघांना दोन वर्षं एकच गोष्ट घोटवली होती: "ज्याचा हात मशीनीत, त्याच्याच खिशात फूज. सख्खा बाप आला तरी देऊ नोको." पण तू शेजारी उभा होतास. "धर रे," म्हटलं, तू धरलेस. मी मशीनमागे जाऊन खांद्यापर्यंत हात आत घातला, बराच वेळ बेअरिंगशी झटलो आणि ढोल फिरला. त्यापुढचं मला सेवाग्रामच्या खाटेपासूनच आठवतं.

अण्णाजी फोरमननं दुसरे फ्यूज आणून लावले असणार, असं मी धरून चाललो आहे. चौकशीचा निकाल इंग्रजीत आला. टाइमकीपरनं वाचून सांगितलं की फ्यूज काढलेच नव्हते, कामगाराचा स्वतःचा निष्काळजीपणा. तू साक्षीला गेला होतास, हे अन्नपूर्णाकडून कळलं. शेठ आणि फोरमन एका बाजूला, तू एकटा दुसऱ्या बाजूला. तुझं कोण ऐकणार! आणि खरं बोललास म्हणूनच तुला महिन्याभरात फॅक्टरी सोडून वर्ध्याला जावं लागलं, हे मला कळतं. माझ्यापायी तुझं गाव सुटलं. कोकिळावहिनींची माफी मागतो.

तुझा,
श्रावण


वर्धा,
२ सप्टेंबर १९७३

प्रिय श्रावण,
नमस्कार आणि जयभीम.

पत्र पोचलं. अक्षर वाचता येतं, काळजी करू नको. तू दोन ओळी जरी लिहिल्या असत्यास तरी मला पुरल्या असत्या.

त्या दिवसाचं तू लिहिलंस, त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. पण जुनं उगाळून काय मिळणार? निकाल लागला. त्याच्या मागे लागशील तर शेठ अन्नपूर्णावहिनींचंही फॅक्टरीतलं काम काढून घेईल. माझं गाव सुटलं त्याचा भार तू मनावर घेऊ नको, एवढंच सांगतो. तसं काही नाही.

इथे जिनिंगवाल्यांच्या संघानं मशिनरी दुरुस्तीचं प्रशिक्षण केंद्र काढलं आहे. वर्षाला पंधरा मुलं. मोटर, पंप, गाठी बांधायचा प्रेस, सारं उघडून दाखवायचं आणि पुन्हा जोडून घ्यायचं. मला निदेशक नेमलं आहे. कालपर्यंत ग्रीसनं माखलेला मी, आता मुलं उठून उभी राहतात आणि "सर" म्हणतात. उस्तादांचा फ्यूजचा धडा पहिल्याच आठवड्यात देतो.

कोकिळा बरी आहे. मुलगा झाला. तुझ्या आईला, जिजाबाईंना, नमस्कार.

तुझा,
चंद्रभान


हिंगणघाट,
२० नोव्हेंबर १९७६

प्रिय चंद्रभान,
सप्रेम जयभीम.

तुझी दिवाळीची कार्डं येतात, पत्र येत नाही. सरांना वेळ नसतो, समजू शकतो. आज मात्र कामासाठी लिहितो.

मी स्टँडमागे टिनाचं शेड टाकून ऑइल इंजिनं आणि मोटरपंप दुरुस्त करतो. एका हातानं नट सुटतो, पण धरायला दुसरा हात लागतो, म्हणून अन्नपूर्णा येऊन धरते. काम मला येतं. पण लोक येत नाहीत. परवा एका शेतकऱ्यानं दारातून मोटर परत नेली. माझ्यासमोर नाही बोलला, शेजारच्या पानठेल्यावर बोलला: "ज्यानं सोताचा फूज नाई काढला, थो माह्या मोटरीचं काय भलं करन?" मी आतून ऐकत होतो. हात गेला त्या दिवशी मला रडू आलं नव्हतं. त्या दिवशी आलं.

आता ऐक. हायवेवर नवी जिनिंग फॅक्टरी निघते आहे. त्यांना मेंटेनन्स पाहणारा माणूस हवा आहे, स्वतः पाना धरायचा नाही, माणसांकडून करून घ्यायचं आणि शिकवायचं. त्यांच्या शेठला मी पसंत पडलो होतो. मग त्यानं तुझ्या-माझ्या जुन्या फॅक्टरीत विचारलं, आणि तिथून तो चौकशीचा कागद पुढे आला. तरीही माणूस भला आहे. म्हणाला, "त्या टायमाले जो संग होता त्याच्या हातची चिठ्ठी आना, मग पाहू."

तर चिठ्ठी लिही. दोनच ओळी: श्रावणनं तिन्ही फ्यूज काढले होते आणि माझ्या हातात दिले होते. खाली सही. आता तू अण्णाजीच्या हाताखाली नाहीस, तुला भ्यायचं कारण नाही.

परतीच्या टपालानं पाठव. शेठ महिनाभर थांबतो म्हणाला आहे.

तुझा,
श्रावण


वर्धा,
१४ जानेवारी १९७७

प्रिय श्रावण,

उत्तराला उशीर झाला. तुकडीच्या परीक्षा होत्या.

चिठ्ठीचं मी पुष्कळ विचार करून ठरवलं. आता जवळजवळ चार वर्षांनी मी वेगळा कागद लिहिला तर चौकशी पुन्हा उघडेल, आणि केंद्र जिनिंगवाल्यांचंच आहे. तुझंही त्यात भलं नाही. तोंडी कोणी विचारलं तर मी चांगलंच सांगेन. कागदावर नको.

त्याऐवजी एक वस्तू पाठवतो. केंद्रात सामान घट्ट पकडायचे नवे वाइस आले, जुन्यातला एक मी मागून घेतला. बाकाला बोल्टानं बसव. तो धरेल आणि तू फिरव. म्हणजे वहिनींना धरायला यावं लागणार नाही.

तुझा,
चंद्रभान


हिंगणघाट,
८ जून १९८६

प्रिय चंद्रभान,
सप्रेम जयभीम.

किती वर्षांनी लिहितो आहे! तुझा वाइस अजून बाकाला आहे आणि अजून घट्ट धरतो. चिठ्ठी दिली नाहीस म्हणून मी वर्षभर तोंड फुगवून बसलो होतो, मग त्या वाइसनंच राग उतरवला. उजव्या हाताचं दान डाव्याला कळू नये म्हणतात. मला डावाच उरला, म्हणून त्याला सगळं कळतं. दहा वर्षं तूच माझा उजवा हात होऊन बाकाला बसला आहेस, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो.

आता तुझ्याकडे माझी सगळ्यात मोठी ठेव पाठवतो. कांता बारावी झाली. इंजिनाचा आवाज ऐकून कुठलं बेअरिंग गेलं ते ती रस्त्यावरून सांगते. तिनं तुमच्या केंद्राचा फॉर्म भरला आणि नाव लागलं. पंधरांत एकटी मुलगी. आईनं घर डोक्यावर घेतलं आहे: "पोरीच्या हातात पाना! तिले काऊन धाडून राह्यला रे श्रावन? एक हात गेला थो पुरे नाई झाला?" मी म्हटलं, आई, तिकडे चंद्रभान आहे.

अन्नपूर्णानं तिच्या प्रत्येक कमीजला उजव्या बाजूला खिसा शिवून दिला आहे, चांगला खोल, बटणाचा. शिंपी हसला, पोरींच्या कमीजला खिसा कशाला म्हणून. तुला कशाला ते सांगायला नको.

सिंदी मेघेत धुरपतामावशीकडे राहील. तुझं घर तिथून जवळच आहे. चुकली तर कान धर.

तुझा,
श्रावण


सिंदी मेघे, वर्धा,
१९ जून १९८६

प्रिय श्रावण,

कांताचं नाव यादीत मी पाहिलं. आधी विचारलं असतंस तर बरं झालं असतं. मुलीच्या जातीला हे काम जड आहे. शिवणकाम आहे, टायपिंग आहे, बालवाडी शिक्षिकेचा कोर्स आहे. इथे मी ओळखीनं कुठेही घालून देतो. अजून आठ दिवस आहेत. विचार कर.

तरी तिनं यायचंच ठरवलं असेल तर येऊ दे. माझ्याकडून कमी पडणार नाही.

तुझा,
चंद्रभान


सिंदी मेघे,
५ ऑक्टोबर १९८६

ती. बाबांस,
सप्रेम जयभीम.

मी बरी आहे. मावशी दोन भाकरी जास्तच वाढते. हे पत्र तुम्ही एकटे असताना वाचा, आजीला वाचून दाखवू नका.

चंद्रभानकाका, म्हणजे सर, माझ्याशी फार चांगलं वागतात. मला पुढच्या बाकावर बसवतात. वर्गातल्या मुलांना त्यांनी बजावलं आहे, "हिले कोनी काही म्हनलं तर माह्याशी गाठ आहे." पण तीन महिने झाले आणि आमच्या तुकडीला फ्यूजचा धडाच झाला नाही. मागच्या तुकडीची मुलं वर्कशॉपात येतात, ती म्हणाली, असं कसं, तो तर सरांचा हुकमी धडा, पहिल्याच आठवड्यात होतो.

आम्हाला सायक्लोस्टाइल नोट्स दिल्या आहेत. माझ्या प्रतीत सुरक्षिततेच्या प्रकरणातलं एक पान नाही. मुलांच्या प्रतींतही नाही. मी मागच्या तुकडीतल्या एकाची जुनी प्रत मागून आणली. त्यातलं जसंच्या तसं उतरवते:

"उदाहरण. हिंगणघाट येथील एका जिनिंग फॅक्टरीत १९७३ साली श्रावण नावाच्या फिटरने फ्यूज न काढता मशीनमध्ये हात घातला. प्रस्तुत निदेशक त्या वेळी हजर होता व त्याने श्रावणला 'आधी फ्यूज काढ' असे दोनदा सांगितले. श्रावणने ऐकले नाही. त्याचा उजवा हात गेला. प्रश्न: श्रावणची चूक कोणती? (गुण २)"

बाबा, हा प्रश्न दर वर्षी परीक्षेला येतो. तेरा तुकड्यांनी तो पाठ केला. ज्यानं मला नोट्स दिल्या त्याला माहीत नव्हतं की मी कोणाची. तो म्हणाला, "सोपा हाय, हमखास दोन मार्क. श्रावन बेअक्कल होता असं लिवून देजो."

मी लहानपणापासून तुमच्या तोंडून ऐकत आले की तुम्ही फ्यूज काढून काकांकडे दिले होते. पण छापलेलं वाचलं की डोकं फिरतं. रागावू नका, मला एकदा कागदावर लिहून कळवा. तुम्ही फ्यूज काढले होते ना?

तुमची,
कांता


हिंगणघाट,
९ ऑक्टोबर १९८६

चि. कांतास,
अनेक आशीर्वाद.

काढले होते. तिन्ही.

तू विचारलंस त्याचा राग नाही. कोर्स सोडू नको. ती जुनी प्रत जपून परत कर, दुसऱ्याची आहे. आणि खिसा वापरत जा.

बाबा


हिंगणघाट,
९ ऑक्टोबर १९८६

चंद्रभान,

कांतानं तुझ्या नोट्सचं पान उतरवून पाठवलं. चार वेळा वाचलं. अन्नपूर्णाला दाखवलं नाही. ती अजून संक्रांतीला तिळाच्या वड्या करताना तुझं नाव काढते.

मला दोनदा सांगितलंस? काय सांगितलंस? "धर रे" मी म्हटलं होतं आणि तू मुकाट्यानं हात पुढे केला होतास. मला तेरा वर्षं वाटत होतं, अण्णाजीनं दुसरे फ्यूज लावले. तू खरी साक्ष दिलीस आणि तुला हाकललं. मी तुझ्या बायकोची माफी मागितली रे! शत्रूनं पाठीत सुरा खुपसला तर माणूस निदान वळून पाहतो. तू केसानं गळा कापलास आणि मी तुझ्या वाइसला तेल घालत बसलो.

आता दोन गोष्टी. एक, त्या दिवशी काय झालं ते मला लिही. दोन, कांताच्या तुकडीला फ्यूजचा धडा दे. टाळू नको. मुलांना तो लागतो, उद्या त्यांचे हात आत जाणार आहेत. पण खरा धडा दे, जसा घडला तसा, कांता पुढच्या बाकावर बसलेली असताना. मला कोर्ट नको, काही भरूनही नको. तेरा तुकड्यांत माझं नाव घाण केलंस, ते एका तुकडीपुढे धुऊन दे.

श्रावण


सिंदी मेघे,
२ नोव्हेंबर १९८६

प्रिय श्रावण,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला बसतो आणि उठतो, असं तीन आठवडे चाललं.

काय झालं ते लिहितो. गाठी भरायला वॅगन लागल्या होत्या. शेठ स्वतः येऊन उभा होता. अण्णाजी ओरडला, "मशीन काऊन बंद आहे? चालू कर!" मशीनच्या आड तू दिसत नव्हतास, म्हणून मी खुंटीकडे पाहिलं. तुझा शर्ट खुंटीवर नव्हता. मला वाटलं, तू काम आटपून शर्ट घालून पाणी प्यायला गेलास. एक हाक मारायची होती. शेठच्या समोर मी ती मारली नाही. तिन्ही फ्यूज मीच बसवले. मागाहून कळलं, शर्ट खुंटीवरून घसरून सरकीच्या ढिगात पडला होता.

त्या संध्याकाळी शेठनं मला बसवून घेतलं. "फूज काढलेच नव्हते, असं म्हन. त्याचा हात तर गेलाच, थो काही परत येत नाई. तुह्यं बी वाचते, फॅक्टरी बी वाचते. वर्ध्याले केंद्र निघून राह्यलं, तिथं तुले लावून देतो." कोकिळाला सातवा महिना होता. मी हो म्हटलं.

धड्याचं असं झालं की पहिल्याच वर्षी एका मुलानं विचारलं, सर, तुम्ही असा अपघात पाहिला आहे का? साक्षीत जे सांगितलं तेच तोंडून निघालं. एकदा सांगितलं की तेच सांगत जावं लागतं. पण श्रावण, एक गोष्ट खरी आहे. माझ्या तेरा तुकड्यांतल्या एकाही मुलाचा हात गेला नाही. तुझी गोष्ट ऐकून ती फ्यूज काढायला विसरत नाहीत. या दृष्टीनं पाहिलंस तर तुझं नाव वाया गेलेलं नाही.

वर्गात ते सांगणं मला जमणार नाही. मुलांपुढे माझी काय किंमत राहील? नोकरीची अजून अकरा वर्षं आहेत. मी तुझ्यापुढे कबूल केलं, ते पुरे मान. हे पत्र वाचून जाळून टाक. कांताच्या वर्षाला मी कुठेही धक्का लागू देणार नाही, याची खात्री बाळग.

तुझा,
चंद्रभान


सिंदी मेघे,
१७ मे १९८७

ती. बाबांस,
सप्रेम जयभीम.

परीक्षा झाली, निकालही लागला. मी पास आहे, तुकडीत तिसरी. आजीला सांगा, दोन्ही हात शाबूत आहेत.

आता सविस्तर लिहिते. प्रात्यक्षिकाला मला दहा हॉर्सपॉवरच्या मोटरीचा पंप उघडायला दिला. बाहेरून आलेले परीक्षक खुर्चीवर आणि सर माझ्या शेजारी उभे. मी बोर्डावरचे तिन्ही फ्यूज काढले. काढताच सरांनी हात पुढे केला. "दे इकडे, मी धरतो." ते सगळ्यांनाच तसं म्हणत होते, मुलांनी दिलेही होते. मी सरांच्या हाताकडे पाहत राहिले. मग फ्यूज खिशात टाकले आणि बटण लावलं. परीक्षक म्हणाले, "का गं, सरांवर विश्वास नाही?" मुलं हसली. मी म्हटलं, "नाही सर." सरांचा हात बराच वेळ तसाच पुढे होता.

लेखी पेपर केंद्राच्या मॅनेजरसाहेबांनी जुन्याच पेपरांवरून काढला होता. सातवा प्रश्न तोच होता. श्रावणची चूक कोणती? आमच्या तुकडीला धडाच झालेला नव्हता, म्हणून सगळे एकमेकांकडे पाहायला लागले. संक्रांतीला घरी आले तेव्हा तुम्ही काकांचं पत्र वाचून दाखवलं होतंत, त्यावरून मी लिहिलं: "श्रावणने नियमाप्रमाणे तिन्ही फ्यूज काढले होते. त्याच्या बनियानला खिसा नव्हता म्हणून त्याने ते चंद्रभान नावाच्या मित्राच्या हातात दिले. चंद्रभानने हाक न मारता ते परत बसवले व नंतर खोटी साक्ष दिली. श्रावणची चूक एवढीच की त्याने दुसऱ्याच्या हातावर भरवसा ठेवला." दोन गुणांना जास्त झालं, पण मला कमी लिहिता आलं नाही.

पेपर सरांनीच तपासले. काल परत दिले. मला वाटलं होतं शून्य असेल. बाबा, सरांनी त्या उत्तराला एक गुण दिला आहे. दोनातला एक. खाली काही लिहिलं नाही.

बाहेर आल्यावर मुलांनी माझा पेपर हातोहात वाचला. मी सगळं सांगितलं. ज्यानं मला जुन्या नोट्स दिल्या होत्या, तोही तिथे होता. त्यानं स्वतःची प्रत काढली, ते उदाहरण पेनानं खोडलं आणि बाजूला लिहिलं, "काढले होते." मग म्हणाला, "मी तुह्या बापाले बेअक्कल म्हनलो, माफ करजो." मी म्हटलं, तुझी चूक नाही.

शनिवारी येते.

तुमची,
कांता


हिंगणघाट,
२१ जून १९८७

चंद्रभान,

वाइस एस.टी.नं परत पाठवला आहे. जड आहे, उतरवून घ्यायला दोघं जा. आता धरायला कांता आहे.

तुझं नोव्हेंबरचं पत्र मी जाळलं नाही. कांता घरी आली तेव्हा तिच्याकडे दिलं. तिच्या कमीजला खिसा आहे हे तुला माहीत आहे. हायवेवरच्या ज्या फॅक्टरीत मला तुझ्या चिठ्ठीशिवाय घेतलं नाही, तिथे पावसाळी दुरुस्तीला माणसं हवी होती, म्हणून ती गेली. शेठ म्हातारा झाला आहे, पण माझं नाव विसरला नव्हता. "त्या बिनफूजवाल्या श्रावनची पोरगी का तू?" तिनं बटण उघडलं आणि तुझं पत्र त्याच्यासमोर ठेवलं. दोनदा वाचलं त्यानं. मग म्हणाला, "ही चिठ्ठी मी दहा वर्षांआधी मांगतली होती." दुसऱ्या दिवसापासून ती कामावर आहे. परवा त्यानं मलाही बोलावून चहा पाजला आणि प्रेसचा आवाज ऐकून बिघाड सांगायला उभं केलं. स्टँडवरच्या लोकांनाही आता कळलं आहे. पानठेल्यावर तुझंच नाव चालतं.

हाक मारली नाहीस, ती चूक होती. चूक कोणाच्याही हातून होते. त्या दिवशी सेवाग्रामला येऊन खाटेपाशी उभा राहून सांगितलं असतंस तर मी डाव्या हातानं तुझे डोळे पुसले असते. माझा हात मी तुझ्याकडे कधीच मागणार नव्हतो. तू मात्र तेरा वर्षं पोरांकडून माझी चूक लिहवून घेतलीस, आणि वर म्हणतोस, नाव वाया गेलं नाही.

आणि तो एक गुण. शून्य दिलं असतंस तर समजलो असतो, चंद्रभान खोटा आहे, आणि झोपलो असतो. दोन दिले असतेस तर कदाचित, मी सांगत नाही काय केलं असतं. तू एक दिलास. बंद खोलीत खरं, वर्गात खोटं, लाल शाईत अर्धं. माझे फ्यूजही तू असेच धरले होतेस, ना माझ्याकडे, ना तुझ्या खिशात.

डावा हात लिहायला शिकला तो तुला पत्र लिहिता यावं म्हणून. पहिलं पत्र तुलाच लिहिलं होतं. हे शेवटचं.

श्रावण